पातेलं मयताला गेलं

पातेलं रात्री उपडं घातलं होतं तसंच होतं, आणि चुलीत धूर नव्हता. मागच्या खोलीतून अंगणात आले तेव्हा एवढंच दिसलं आणि डोक्यात तिडीक गेली. मुलं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती, ज्याच्या त्याच्या हातात कप, आणि कुणी बोलत नव्हतं. भुकेल्या मुलांना फार लवकर कळतं की आज बोलून उपयोग नाही. आजच उशीर करायचा होता हिला, असं मी मनात म्हटलं. डब्यात एका दिवसाचं पीठ उरलेलं. उद्यापासून हे पाळणाघर बंद, असं आज मुलांच्या आज्यांना सांगायचं ठरलेलं. आणि पेज करणारी बाना कासूबाच कुठे दिसेना. काल संध्याकाळी डब्याच्या तळाशी हात घालून तिनं तो पांढरा हात माझ्यासमोर धरला होता आणि म्हणाली होती, “अगं अंगोनीण, तुझे पणजे दुसऱ्यांची गुरं पळवत दक्षिणेतून इथवर आले. आणि तुला एक पोतं पीठ पळवता येईना?” मला हसू आलं नाही. मला तिच्या थट्टेवर वेळेवर उत्तर कधीच सुचलं नाही. सुचायचं ते रात्री अंथरुणात, आणि सकाळी ते शिळं झालेलं असायचं.

मी स्वतःच शेगडीत कोळसे भरायला वाकले. तेवढ्यात नळाच्या टपरीवर पाणी विकणारी बाई भिंतीपलीकडून डोकावली. तिनं डोक्याचा रुमाल काढून पुन्हा बांधला, आणि म्हणाली, “टीचर, तुमची दुष्मन गेली हो. पहाटे. झोपेतच.”

आमच्याकडे असंच सांगतात. मैत्रीण गेली असं म्हणाली असती तर मला कदाचित कळलंच नसतं कोण ते. ती बेम्बा, मी अंगोनी; या दोन जमातींचे पूर्वज एकमेकांशी लढले, आणि लढून दमल्यावर भाल्यांऐवजी जिभेनं लढायचं ठरवलं. तेव्हापासून दोघांत थट्टेचं नातं. बाजारात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत अनोळखी बेम्बासुद्धा मला उंदीरखाऊ म्हणू शकतो, आणि मी रागवायचं नाही. बेम्बाच्या घरी मयत झालं की अंगोनीनं तिथं जाऊन हसायचं, गेलेल्याची नक्कल करायची, शवपेटी अडवून धरायची आणि आपला हक्क मागायचा. घरच्यांनी तो दिल्याशिवाय सुटका नाही. रडणाऱ्यांच्या घरात एक तरी माणूस न रडणारं हवं, म्हणून ही सोय असावी. मी लहान असताना फोर्ट जेम्सनला, आता त्याला चिपाटा म्हणतात, माझ्या आजीचा भाऊ वारला तेव्हा टपाल वाटणारा एक बेम्बा खणलेल्या खड्ड्यात उतरून आडवाच झाला. डोक्याखाली टोपी घेतली आणि म्हणाला, जागा छान गार आहे, कोंबडी मिळाल्याशिवाय मी निघत नाही. सगळे हसले. मीही खळखळून हसले, आणि वडिलांनी सगळ्यांदेखत माझ्या मुस्कटात मारली. ते चर्चमध्ये प्रवचन करायचे. ख्रिस्ती माणसानं मढ्यापाशी दात काढू नयेत, असं त्यांचं म्हणणं. त्या ओल्या लाल मातीचा वास आणि गालावरची आग अजून एकत्रच आठवतात. पुढे मी शाळेत शिकवू लागले, माझी भाषा नीट झाली, चालणं नीट झालं, आणि मयतात मी कोपऱ्यात हात जोडून बसणारी बाई झाले. बाना कासूबाला याचाच राग. “मी आधी गेले तर तू काय करशील?” ती पळी आपटत विचारायची. “रडशील. अंगोनी असून रडशील, आणि माझ्या माणसांत माझी लाज काढशील.”

बातमी नीट आत उतरायच्या आधीच दोन तरुण फाटकातून आले. “टीचर, पातेलं.” या वस्तीत एवढं मोठं पातेलं आमचंच. कुणाकडेही मयत झालं की ते न्यायचे, कारण मयताला शंभर माणसं चार चार दिवस बसतात आणि त्यांना मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा शिजवून घालावा लागतो. त्या दिवसांत मुलांची पेज छोट्या भांड्यात, तीन तीन वेळा करून. परत यायचं तेव्हा तळाला करपलेला थर तसाच. मग बाना कासूबा कमरेला गुंडाळायचं कापड, चिटेंगे, आवळून त्या घरी जायची, आणि शोकातल्या बायकांना बाहेर बोलावून ते घासून घ्यायची. मी कितीदा म्हटलं, जाऊ दे, दुःखातली माणसं आहेत. ती म्हणायची, दुःख हाताला कुठे झालंय? आता ते तिच्याच घरी चाललं होतं. नाही कशी म्हणणार? दोघांनी ते कड्यांना धरून उचललं, आणि मुलांच्या माना एकदम फाटकापर्यंत वळत गेल्या.

उरलेलं पीठ मी छोट्या भांड्यात शिजवलं. गुठळ्या झाल्या. मीठ बेतानं घातलं, नेहमी सांगत आले होते तितकं. बाना कासूबाचा हात मिठाला सैल होता. त्यावरून आमचं रोज वाजायचं. तिला मी आरोग्य केंद्रातला तक्ता दाखवला होता, त्यावर ती म्हणाली होती की हा काढणाऱ्याला कुणी कधी जेवायला बोलावलं नसणार. ती मूळची माझ्या फाटकाबाहेर पिठाचे तळलेले गोळे विकायची. तिचा मुलगा कासूबा गेला. बाना म्हणजे आई; त्याचं नाव मात्र तिच्या नावात राहिलं. ते दिवस असे होते की माझ्या तिसरीच्या वर्गातली बाकं एक एक करून रिकामी होत होती. मुलं आजारी नव्हती. आया-बाप आजारी होते आणि मुलं त्यांना पाणी द्यायला घरी थांबत होती. मग आया-बाप गेले आणि मुलं आज्यांकडे आली. त्या आज्या रस्त्याच्या कडेला दगड फोडून खडी विकणाऱ्या, त्यांच्या पाठीला बांधलेली ही पोरं खडीची धूळ खात मोठी व्हायची. मी नोकरी संपल्यावर माझ्या अंगणात पत्रा टाकला आणि म्हटलं, सकाळी इथं आणून सोडा. पहिल्या दिवशी सात आली, का नऊ, ते आठवत नाही. एवढं आठवतं की बाना कासूबा फाटकातून बघत होती आणि मी पेज ढवळत होते. ती आत आली, माझ्या हातातून पळी काढून घेतली आणि म्हणाली, अंगोनींना पेज येत नाही. ती पळी तिनं पुन्हा कधी दिलीच नाही.

त्या संध्याकाळी मी आज्यांना काही सांगितलं नाही. पीठ नाही, पातेलं नाही, बाना कासूबा नाही. एका दिवसात एवढं पुरे होतं. फाटकाशी खुर्ची टाकून बसले. समोरून बायका एकामागून एक चालल्या होत्या, डोक्यावर पिठाची परात, परातीवर रुमाल, आणि सगळ्या डावीकडे वळत होत्या, बाना कासूबाच्या घराकडे. हे मला दिसत होतं आणि राग येत होता. त्यातल्या किती दारांत मी गेला महिनाभर उभी राहिले होते. यंदा पाऊस दगा देऊन गेला, मक्याचं पीठ परवडेना झालं, हे मलाही माहीत. “टीचर, आमच्याच पोरांना एक वेळ मिळतंय,” असं जी म्हणाली होती ती आता भरलेली परात घेऊन चालली होती, आणि ती खोटं बोलली नव्हती हेही मला माहीत होतं. तिच्या घरी आज रात्री कमी शिजेल. पण मयताला पीठ न्यावंच लागतं. आज तू नेलं नाहीस तर उद्या तुझ्या दारात कोण येणार? मेलेल्याचं देणं फिरून परत येतं. चार वर्षांच्या पोराच्या कपात ओतलेलं कुठून परत येणार? हे कळत होतं, आणि कळल्यानं राग आणखीच वाढत होता, कारण ज्याच्यावर राग धरावा असं कुणीच सापडत नव्हतं.

नाही म्हणायला आम्हाला मदत करणारी परदेशातली एक संस्था होती. आधी तिथली एक म्हातारी बाई होती तोवर सगळं सोपं होतं. ती पीठ आणि शेंगदाण्याचं कूट यांच्यापुरते पैसे पाठवायची, आणि नाताळला विचारायची, मुलं हसतात ना? ती वारली. मग तरुण माणसं आली, चांगली माणसं, घाम पुसत आमच्या बाकांवर बसली. त्यांनी विचारलं की पाच वर्षांनी हे काम स्वतःच्या पायावर कसं उभं राहील? बाना कासूबा पळी हातात धरून ऐकत होती. तिनं मला आमच्या भाषेत विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. ती म्हणाली, दोन वर्षांचं पोर स्वतःच्या पायावर उभं राहतं की, पण रांधत नाही. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी मला शहरातल्या हॉटेलात तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं, पैसे कसे उभे करावेत याच्या. थंडगार खोली होती. दुपारी जेवायला कोंबडी, भात, काकडीची कोशिंबीर, आणि जे उरलं ते नोकर घेऊन जाताना मी बघत होते. ते सगळं आमच्या पातेल्यात मावलं असतं. शेवटी प्रत्येकीला एक कापडी पिशवी मिळाली, तिच्यावर हसणाऱ्या मुलाचं चित्र. पीठ बंद झालं. पिशवी आहे अजून, तिच्यात मी कांदे ठेवते. मग मी चर्चच्या महिला मंडळात गेले, त्यांनी प्रार्थना केली. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाकडे गेले, त्यानं मुलांसोबत फोटो काढला. पिठाच्या गिरणीच्या साहेबाकडे गेले, तो माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, माझ्या छडीच्या आठवणी काढून हसला, आणि फाटकापर्यंत पोचवायला आला. खूप आदरानं पोचवलं. मी परत आले तेव्हा बाना कासूबानं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, “तुला मागता येत नाही. तू वर्गात हजेरी घेतल्यासारखी मागतेस.”

दुसऱ्या दिवशी मुलं आली. मी त्यांना गोड चहा दिला. तिसऱ्या दिवशीही आली, तेव्हा साखर संपली होती. कासामाहून तिचे भाऊबंद रात्रीच्या बसनं पोचले होते आणि आज तिला पुरायला नेणार होते. मी काळा चिटेंगे बांधला, फाटक लावलं आणि निघाले. वळणावर मागे पाहिलं तर मुलं माझ्यामागून येत होती, हातात कप घेऊन. मी त्यांना चला म्हटलं नव्हतं. घरी जा असंही मला म्हणवलं नाही.

घरातलं सामान बाहेर काढून बायका आत फरशीवर बसल्या होत्या आणि गात होत्या. पुरुष बाहेर ओंडक्यांवर. भिंतीपाशी, आंब्याच्या सावलीत, आलेलं पीठ पोत्यांत भरून रचलं होतं. माझ्या कमरेइतकी रास. त्याच्या पलीकडे तीन दगडांवर आमचं पातेलं. मी ओळखलं ते त्याच्या पोच्यावरून. एकदा पातेलं रिक्षातून पडलं होतं, तेव्हा बाना कासूबा रिक्षावाल्याला भर रस्त्यात उभं करून बोल बोल बोलली होती. आता एक तगडी बाई मोठ्या लाकडी दांड्यानं त्यात न्शिमा घोटत होती. वाफ वर येत होती, आणि त्या वासानं मुलं पुढे सरकली. थोको सगळ्यांत पुढे. चार वर्षांची, हिरवा कप, आजी खडी फोडते. तिनं कप दोन्ही हातांनी वर धरला. नेहमी धरते तसा. तिच्या दृष्टीनं पातेलं आपलं होतं, ते आज जरा वेगळ्या जागी होतं, एवढंच.

“ए, चल मागे,” ती बाई दांडा उगारून म्हणाली. “आधी मोठी माणसं. कुणाची ग ही पोरं?”

थोको मागे झाली नाही. तिनं कप तसाच धरून ठेवला. आणि मला ओल्या लाल मातीचा वास आला. खरोखर आला, तिथं तशी माती नव्हती. गालावर काहीतरी तापलं. पुढे मी काय केलं ते ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. मी चालत गेले आणि पोत्यांच्या राशीवर बसले.

परात घेऊन एक बाई आली. “टीचर, उठता का? पीठ काढायचंय.”

“नाही उठणार,” मी म्हटलं. “ही पोती माझी आहेत.”

माझा आवाज वर्गातला निघाला. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आतलं गाणं थांबलं. परातवाली दोन पावलं मागे सरली. उन्हानं किंवा दुःखानं म्हातारीचं काहीतरी झालं असं तिला वाटलं असावं. मी आजवर कुठल्याच मयतात तोंड उघडलं नव्हतं. ओंडक्यावरून बाना कासूबाचा थोरला भाऊ उठला, बाशी म्पुंडू. उंच, काठीसारखा वाळलेला, आणि डोळे सुजलेले. “कोण ही बाई?” त्यानं विचारलं.

“अंगोनी आहे,” कुणीतरी म्हणालं.

“अस्सं.” मग त्याच्या चेहऱ्यावर हळूच काहीतरी सैल झालं. “मग पोत्यांमागे बघा रे. उंदीर असेल, त्याच्या वासानं आलीय.”

दोन-तीन माणसं हसली. आता माझी पाळी होती. मग इतकी वर्षं रात्री अंथरुणात सुचलेलं, सकाळी शिळं झालेलं, सगळं एकदम जिभेवर आलं.

“उंदीर पळतात, त्यांना पकडावं लागतं,” मी म्हटलं. “तुम्ही अळ्या खाता. त्या जागच्या हलत नाहीत म्हणून. झाडं जाळायची, राखेत बी फेकायचं आणि सावलीत झोपायचं. तुम्हाला पिठाचं काय कळणार? त्या बेम्बीणीनं इतकी वर्षं मला खारट पेज पाजली. माझं रक्त वर चढलं ते तिच्यामुळे. आणि भरपाई न देता पहाटेच पळाली, तीही झोपेत, मला भांडायला न बोलावता. मी मोकळी सोडणार नाही.”

आतून बायका दारात आल्या होत्या. त्यांतली एक खुदकन हसली, रडक्या तोंडानं. मग मी बाना कासूबा कशी चाखायची ते करून दाखवलं: पळी तळहातावर टेकवायची, जीभ लावायची, डोळे मिटायचे, आणि देवाची चूक सापडल्यासारखं “अंहं” म्हणून पुन्हा मूठभर मीठ. तिची मुलगी दाराची चौकट धरून हसत खालीच बसली.

“एक पोतं घे आणि ऊठ,” बाशी म्पुंडू म्हणाला.

“नाही.”

“दोन. घरात दुःख आहे, बाई.”

“सगळी. एकच गाय पळवून नेलेला अंगोनी कधी ऐकलाय?”

“एवढं पीठ नेऊन करणार काय? तुझी माणसं कुठायत?”

मी हात केला. मुलं भिंतीशी गेली होती आणि सवयीनं ओळीत बसली होती, कप मांडीवर. “ही माझी फौज,” मी म्हटलं. “तुझ्या बहिणीनंच पोसली. आता ती मेली, तर यांनी काय करायचं ते तू सांग.”

त्याचं हसू गेलं, आणि क्षणभर मला वाटलं की मी चुकले, थट्टेत खरं बोलले, आता हा रागावेल. पण त्याला रागावता येत नव्हतं. “अंगोनींची फौज एवढीशी झाली होय,” तो म्हणाला. “आमचे आजोबा उगाच घाबरले.” मग परातवालीकडे वळून, “आजच्या जेवणापुरतं काढा. बाकी घेऊन जाऊ दे हिला. आणि आधी त्या फौजेला वाढा, नाहीतर पेटी उचलू देणार नाही ही. पण बाई, मी मरेन तेव्हा कासामाला येऊ नकोस.”

“येणार,” मी म्हटलं.

बायकांनी जिभेनं उलूऽऽ केलं. मला उठता येईना, गुडघे आखडले होते. दोघींनी धरून उठवलं. तेव्हा तीन दिवस थोपवलेलं रडू आलं, पण सगळे हसत होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

पोती हातगाडीवर घालून आणली. ती थंडी संपेपर्यंत पुरतील, मग पुन्हा डब्याचा तळ. गाडीमागून येताना मी स्वतःला पकडलं: मी प्रत्येक फाटकाकडे बघत होते. इथं कॉपरबेल्टच्या खाणींतून आलेले बेम्बा, त्यांचा बाप खोकतो. इथली म्हातारी गेल्या वर्षी पडली. इथं कोण आहे आता? इतकी वर्षं अंगण चालवून मी इथं पोचले, की पेजेसाठी शेजाऱ्यांचं मरण मोजावं. मला कुणाला तरी हे चिडून सांगायचं होतं. जिला सांगितलं असतं ती म्हणाली असती, हळू मोज, माकडतोंडे, ऐकतील.

सकाळी पातेलं फाटकाशी आणून ठेवलेलं होतं. तळाला करपलेला थर. मी कमरेला चिटेंगे आवळून बाहेरही पडले, आणि वळणावर लक्षात आलं की मी कुणाच्या दारात भांडायला चाललेय. परत आले. वाळू घेऊन स्वतःच घासलं. पेज केली, कूट घातलं, गुठळ्या मोडल्या, मीठ बेतानं. ओळीत पहिली थोको. तिनं घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, आणि कप माझ्याकडे परत केला.

“हे आपलं नाही,” ती म्हणाली.

मी चाखून बघितलं. मग मिठाचा डबा उघडला आणि मूठ भरली.